किल्ल्यांतलें घरकार्य

या सदराच्या नेहमींच्या वाचकांस आमचें कारध्याचें घर आतां नवीन राहिलेलें नाहीं. भंडारा शहर वैनगंगेच्या एका तीरावर आणि आमचें गांव समोरच्या तीरावर. मध्यें इंग्रजी अमदानींतला जुना बुटका पूल आणि त्याच्या शेजारीं हमरस्त्याचा उंच नवा पूल. एरवीं आमच्या गांवाचें नांव जगांत कोणी घेत नाहीं. पावसाळा लागला म्हणजे मात्र तें रोज वर्तमानपत्रांत छापून येतें. कारण वैनगंगेच्या पाण्याची उंची येथें मोजतात, आणि ‘कारध्यास पाणी इतके मीटर’ या एका वाक्यावर नदीकांठच्या कित्येक गांवांची झोंप अवलंबून असते. २४५.५० मीटर ही धोक्याची रेघ. ऑगस्ट २०२० च्या अखेरीस पाण्यानें ती ओलांडली, तेव्हां जुना पूल दिसेनासा झाला, भंडाऱ्याच्या वस्त्यांत होड्या फिरल्या, आणि आमच्या घरच्या माणसांनीं ट्रंका, देव व तांदुळाचीं पोतीं माडीवर नेऊन दोन रात्री जागून काढल्या. त्या रात्रीं खालचें दार शेवटीं कोणीं लावलें आणि देवघरांतली समई कोणीं उचलून वर आणली, हें सांगितलें म्हणजे आजच्या लेखांत कोणाविषयीं बोलावयाचें आहे तें वेगळें सांगावयास नको. आमच्या मोठ्या आई.

मोठ्या आई म्हणजे आमच्या थोरल्या चुलत्यांच्या पत्नी. आमच्या विदर्भांत बापाच्या वडील भावास मोठे बाबा आणि त्यांच्या पत्नीस मोठी आई म्हणतात. काकू हा शब्द आम्हांस थोडा पुणेरी वाटतो. मोठे बाबा वारले तेव्हां मोठ्या आईंचें वय बत्तीस आणि तीन मुलांतला थोरला नऊ वर्षांचा. शेत धानाचें, पाण्याच्या पाळीचा तंटा चाललेला, आणि घरांत सासू आंथरुणाला खिळलेली. सात-बाराच्या उताऱ्यावर तिन्ही मुलांचीं नांवें चढलीं आणि त्यांच्यापुढें ‘अ. पा. क.’ हीं तीन अक्षरें येऊन मग मोठ्या आईंचें नांव आलें. अज्ञान वारसांचा पालनकर्ता असा त्या अक्षरांचा अर्थ. एका कचेरींत कोणा गृहस्थांनीं त्यांस विचारलें, ‘‘घरांत कर्ता पुरुष कोण आहे?’’ मोठ्या आईंनीं उताऱ्यावरच्या त्या तीन अक्षरांवर बोट ठेवलें आणि काम होईपर्यंत तें उचललें नाहीं. हें त्या स्वतः कधीं सांगत नाहींत. त्यांच्याबरोबर बैलगाडी घेऊन गेलेला आमचा जुना गडी तें सांगत असे, आणि सांगतांना स्वतःचें बोट चौकटीवर दाबून दाखवीत असे.

अशा या मोठ्या आईंस यंदा एक्याऐंशीवें लागलें. एक हजार पौर्णिमा पाहावयास माणसास ऐंशी वर्षें आणि वर नऊ-दहा महिने लागतात. म्हणून सहस्रचंद्रदर्शनाचा विधि या वयांत करितात. घरकार्य करावयाचें, येथपर्यंत कोणाचा मतभेद नव्हता. तें कोठें करावयाचें, यावर मात्र रणें माजलीं. हल्लीं आमच्या कुटुंबाची सभा ओसरीवर भरत नाहीं, भ्रमणध्वनीवर भरते. तींत एक मुलगा पुण्याहून, एक सून बंगळूरहून आणि एक नातजांवई अमेरिकेंतून, तिकडच्या पहांटे, मत देतात. नागपूरच्या आमच्या पुतण्यानें प्रस्ताव मांडला कीं, कार्य एखाद्या किल्ल्यांत करावें. तटावर दिव्यांच्या माळा, आंत शामियाना, सर्वांस फेटे, मोठ्या आई पालखींतून येणार, आणि हें सारें टिपण्यास आकाशांतून फिरणारें छायायंत्र. त्यानें राजस्थानांतील किल्ले-राजवाड्यांतल्या लग्नांचीं चित्रेंही पाठविलीं. बायकांना तीं आवडलीं, हें प्रामाणिकपणें सांगितलें पाहिजे. आम्हांसही तीं अगदींच वाईट वाटलीं नाहींत.

मोठ्या आईंनीं चित्रें शेवटपर्यंत पाहिलीं आणि एवढेंच विचारलें, ‘‘किल्ल्याचा धनी कोण? त्याला विचारलें का?’’

हा प्रश्न दिसतो तितका साधा नाहीं. १९१९ सालचा महाराष्ट्र वेगळा आणि २०१९ सालचा वेगळा. पण किल्ल्याच्या नांवानें रक्त उसळणें दोहोंत सारखेंच. २०१९ च्या सप्टेंबरांत, राज्यांतले पंचवीस किल्ले पर्यटन-निवासांसाठीं व लग्नकार्यांसाठीं दीर्घ मुदतीनें द्यावयाचे अशी वार्ता फुटली, तेव्हां महाराष्ट्रभर जो क्षोभ उसळला तो वाचकांच्या स्मरणांत असेल. संरक्षित किल्ल्यांस व शिवछत्रपतींच्या इतिहासाशीं निगडित किल्ल्यांस हात लागणार नाहीं, असा खुलासा सरकारला करावा लागला. आम्हीही त्या वेळीं संतापलों होतों. परंतु संताप ओसरल्यावर एक गोष्ट मनांत राहिली. ज्या किल्ल्यांविषयीं आम्ही इतके तळमळलों, त्यांतल्या आमच्या जवळच्या दोन-तीन किल्ल्यांवर आमच्या घरचीं किती मुलें गेलीं होतीं? एकही नाहीं. भाड्यानें जाणारें घर आपलें म्हणून ओरडणारे आम्ही, त्या घराचा उंबरठासुद्धां ओलांडलेले नव्हतों.

कायद्याची बाजू आमच्या वकील पुतण्यानें समजावून दिली. स्मारकें दोन धन्यांचीं असतात. कांहीं केंद्र सरकारच्या पुरातत्त्व खात्याकडे, तर कांहीं राज्याच्या पुरातत्त्व व वस्तुसंग्रहालयें संचालनालयाकडे. केंद्राचा कायदा १९५८ चा आणि महाराष्ट्राचा १९६० चा. केंद्राच्या १९५९ च्या नियमांप्रमाणें संरक्षित स्मारकांत सभा, मेजवानी, स्वागतसमारंभ किंवा करमणूक परवानगीवांचून करतां येत नाहीं. मात्र जेथें मान्य अशी धार्मिक वहिवाट चालत आलेली आहे तेथें तिला ही आडकाठी नाहीं. हा अपवाद आम्हांस मोठा शहाणपणाचा वाटला. गोंदिया जिल्ह्यांतल्या प्रतापगडाचेंच पाहा. १९९९ सालीं गोंदिया वेगळा होईपर्यंत तो आमच्याच भंडारा जिल्ह्यांत होता. तेथें महाशिवरात्रीस यात्रा भरते आणि तेथल्याच दर्ग्यावर उरूसही भरतो. लोक गाड्या भरून येतात, डोंगर चढतात, चुली मांडतात, पोरें खांद्यावर घेतात. त्यांस कोणीं ‘ऐतिहासिक स्थळास भेट द्या’ असें सांगावें लागत नाहीं. किल्ला त्यांच्या पंचांगांतच आहे. टिळकांनीं १८९५-९६ मध्यें शिवाजी-उत्सवाची चळवळ उभारली आणि १८९६ च्या एप्रिलांत रायगडावर उत्सव झाला, तेव्हां त्यांनींही दुसरें काय केलें? ओसाड पडलेल्या गडाला पंचांगांत एक तिथि मिळवून दिली. आज रायगड व शिवनेरी येथें त्या त्या दिवशीं मुंगीस शिरावयास वाव नसतो, तो त्या तिथीचा प्रताप आहे.

तेव्हां किल्ल्यांत उत्सव नको असें आमचें म्हणणें नाहीं. भाड्यानें आलेला पाहुणा व बोलावून आलेला पाहुणा यांत जो फरक आहे, तो आमच्या मनांत आहे. भाडें भरलेला मनुष्य घराच्या भिंतीला खिळे मारतो.

पुतण्याचा प्रस्ताव मोठ्या आईंच्या त्या एका प्रश्नानें निकालांत निघाला. विधि घरींच झाला. होम, दिव्यांचें औक्षण आणि वडाभात. रात्रीं नदीवरच्या चांदण्यांत मोठ्या आईंस खुर्चीवर बसवून चंद्र दाखविला, तेव्हां ‘‘आजवरचे नऊशें नव्याण्णव मीं कामांच्या गडबडींत पाहिलेच नाहींत, हा एकच पाहिला,’’ असें त्या म्हणाल्या. त्यावर पुढें कोणास बोलवलें नाहीं. पण किल्ल्याचा विषय त्यामुळें संपला असें नव्हे. आमची धाकटी सून इतिहास शिकविते. तिनें मोठ्या आईंस नगरधनची गोष्ट सांगितली आणि घराचें पुढलें वळण ठरून गेलें.

नगरधन हें आमच्याकडून भंडारा-रामटेक वाटेनें सकाळीं निघून संध्याकाळीं परत येण्यासारखें. रामटेकच्या अलीकडे दोन कोसांवरचें खेडें. आज तेथें एक चौकोनी तटाचा भुईकोट किल्ला उभा आहे. त्याची आजची बांधणी नागपूरकर भोसल्यांच्या काळची मानतात. पण त्याच्या पायाखालची माती फार जुनी. तें वाकाटकांचें नंदिवर्धन. वाकाटक म्हणजे अजिंठ्याची कांहीं अप्रतिम लेणीं ज्यांच्या राज्यांत कोरलीं गेलीं तें घराणें. त्याची एक शाखा वत्सगुल्म म्हणजे आजच्या वाशीमला आणि दुसरी येथें. सुमारें सोळाशें वर्षांपूर्वीं या नंदिवर्धनांत दुसऱ्या रुद्रसेनाची राणी प्रभावतीगुप्ता अकालीं विधवा झाली. मुलें लहान होतीं. उज्जयिनी-पाटलिपुत्राचा सम्राट दुसरा चंद्रगुप्त हा तिचा बाप. पण राज्य तिनें मुलाच्या नांवें स्वतः सांभाळलें. तिचा एक ताम्रपट पुण्यांत एका तांबटाच्या घरीं सांपडला. पितळेच्या भांड्यांसाठीं नांवाजलेल्या भंडाऱ्याच्या लोकांस हें ऐकून थोडी हळहळ वाटेल, कारण असे किती पत्रे वितळून त्यांचे लोटे झाले असतील कोण जाणे. तो पट तिच्या कारभाराच्या तेराव्या वर्षीं नंदिवर्धनाहून दिलेला आहे. त्यांत ती स्वतःस युवराज दिवाकरसेनाची माता म्हणविते आणि वंशावळ सासरची न देतां माहेरची देते. गोत्रही बापाचें, धारण हें, सांगते.

ही हकीकत मोठ्या आई डोळे मिटून ऐकत होत्या. त्यांनीं डोळे उघडले आणि म्हणाल्या, ‘‘म्हणजे अ. पा. क. च कीं ही!’’

सारें घर हंसलें. पण आम्हांस राहून राहून वाटतें कीं, वाकाटकांच्या इतिहासावर इतकें नेमकें भाष्य मोठमोठ्या विद्वानांनींही केलेलें नसेल. पुढें सूनबाईनें आणखी एक गोष्ट सांगितली, तिनें तर जाण्याचा दिवसच ठरून गेला. त्या ताम्रपटांतलें गांवाचें दान दिलेलें आहे तें कार्तिक शुद्ध द्वादशीस, भगवंताच्या चरणीं निवेदन करून. कार्तिक शुद्ध द्वादशी! आमच्याकडे तुळशीचें लग्न लागतें तो दिवस. ‘‘सकाळीं तिच्याकडे जाऊं, संध्याकाळीं घरीं तुळशीचें लग्न लावूं,’’ असा मोठ्या आईंनीं हुकूम केला. पुढें दुसऱ्या एका पटाविषयींही त्यांनीं विचारलें. रिद्धपूरच्या त्या पटावरून, राणी शंभर वर्षांपलीकडे जगली असा अर्थ कांहीं पंडित काढतात व कांहींना तो मान्य नाहीं, असें सांगतांच त्या म्हणाल्या, ‘‘जगली असेल. अशा बायका लवकर मरत नाहींत. त्यांना सवड नसते.’’

जाण्यापूर्वीं आठ दिवस घरांत मातीचा पसारा झाला. नगरधनला २०१५ ते २०१८ या काळांत राज्याच्या पुरातत्त्व खात्यानें पुण्याच्या डेक्कन कॉलेजाच्या सहकार्यानें उत्खनन केलें, त्यांत प्रभावतीगुप्तेच्या मुद्रेचा मातीवर उठलेला ठसा मिळाला. अंड्याच्या आकाराची, बोटाच्या पेराएवढी मातीची टिकली. तिच्यावर ब्राह्मी लिपींत राणीचें नांव आणि एक शंख. ही हकीकत ऐकल्यापासून मुलांस दुसरें कांहीं सुचेना. सूनबाईनें त्यांस नदीकांठची चिकण माती आणून दिली. प्रत्येकानें खडूच्या तुकड्यावर उलटीं अक्षरें कोरून आपली मुद्रा बनवावी आणि मातीवर ठसा उठवावा, असा खेळ चालला. उलटें ‘क’ काढतांना मोठमोठ्यांची तारांबळ उडाली. आमच्या मुद्रेवर आमचें नांव उमटण्याऐवजीं भलताच शब्द उमटला, तो येथें देत नाहीं. दहा वर्षांच्या एका नातवाची मुद्रा मात्र सर्वांत सुबक वठली, आणि त्या दिवसापासून तो दिसेल त्यावर आपलें नांव उमटवूं लागला: वहीवर, लोण्याच्या गोळ्यावर, धाकट्या बहिणीच्या दंडावर. आम्ही कौतुक केलें. तें कौतुक पुढें आम्हांस भोंवलें.

द्वादशीच्या सकाळीं आम्ही सतरा माणसें तीन गाड्यांतून निघालों. बरोबर दशम्या, सांबारवड्या, दहीभात आणि पाण्याचे तांबे. वाटेंत धानाची कापणी चालली होती. किल्ल्याचा दरवाजा गांवाच्या मानानें फारच थोर. आंत शिरतांच बाहेरच्या घरांचा, कोंबड्यांचा, रस्त्याचा आवाज कमी होतो. आंत जमिनीखालीं पायऱ्या उतरून गेल्यावर देवीचें ठाणें आहे. तेथें कोणीतरी सकाळींच हळदकुंकू वाहून गेलेलें होतें. राखणदार सालस मनुष्य. त्यानें मोठ्या आईंसाठीं आपली खुर्ची आणून सांवलींत ठेवली.

मग सूनबाईनें जें केलें त्याचें वर्णन थोडें विस्तारानें करतों, कारण असे प्रसंग फार थोडे पाहावयास मिळतात. तिनें व्याख्यान दिलें नाहीं. प्रथम मुलांस तटावरून, वडीलधाऱ्यांच्या नजरेखालीं, एक फेरी घालावयास लावली आणि काय काय दिसतें तें आठवून सांगा म्हटलें. उत्तरेस रामटेकची टेंकडी दिसली. ‘‘राणी त्या टेंकडीवरच्या देवाच्या पायांशीं जात असे; तिचा रिद्धपूरचा पट त्या रामगिरीच्या स्वामींच्या पायांपाशींच लिहिलेला आहे,’’ एवढेंच ती म्हणाली. मग उत्खननांत कांचेचीं कर्णभूषणें, मातीच्या बांगड्या, लोखंडी छिन्नी अशा वस्तु मिळाल्या त्यांचीं चित्रें तिनें काढलीं, आणि प्रत्येक मुलानें त्यांतली एक वस्तु कोणाची असेल तें ठरवावें असें सांगितलें. बांगडी राणीची, असें सर्वांनींच म्हटलें. फक्त एका मुलीनें म्हटलें, ‘‘मातीची आहे, म्हणजे राणीची नसेल. पाणी भरणारणीची असेल.’’ हें ऐकून राखणदारही येऊन बसला, आणि त्यानें उत्खननाच्या वेळचे खड्डे कोठें होते, मजूर कोणत्या गांवचे होते, पावसाळ्यापूर्वीं ते कसे झांकले, हें सांगितलें. सारा कार्यक्रम पाऊण तासाचा. खर्च कांहीं नाहीं.

आणि येथें आम्हांस दुसऱ्या एका कार्यक्रमाची आठवण झाल्यावांचून राहिली नाहीं. कांहीं वर्षांपूर्वीं एका संरक्षित स्थळीं (कोणत्या, तें सांगत नाहीं) वारसा-सप्ताहानिमित्त सहकुटुंब या, असें निमंत्रण आलें म्हणून आम्ही गेलों होतों. दहाची वेळ, पाहुणे बाराला आले. दीपप्रज्वलन, स्वागतगीत, शाली-श्रीफळें, प्रास्ताविक, मनोगतें आणि ध्वनिक्षेपकाची शिट्टी. एक वाजून गेल्यावर आभारप्रदर्शन झालें. मुलांनीं त्या दिवशीं पाहिलें तें व्यासपीठाच्या मागचें कापड. ज्या वास्तूसाठीं सप्ताह होता ती त्या कापडाच्या पलीकडे होती. बायकांच्या सोयीची जागा विचारली तर दोघांनीं दोन दिशा दाखविल्या व दोन्ही चुकीच्या निघाल्या. आमच्या वहिनी तेव्हांपासून ‘वारसा’ हा शब्द ऐकला कीं प्रथम तांब्या भरून घेतात.

वर्षांत असे दिवस नाहींत असें नाहीं. १८ एप्रिल हा स्मारकांचा जागतिक दिवस. युनेस्कोनें त्यास १९८३ मध्यें मान्यता दिली. १९ ते २५ नोव्हेंबर हा वारसा-सप्ताह. फ्रान्सच्या सांस्कृतिक खात्यानें १९८४ मध्यें एके दिवशीं ऐतिहासिक वास्तूंचीं दारें, एरवीं बंद असलेलींसुद्धां, लोकांस मोकळीं करून दिलीं. ती प्रथा पुढें साऱ्या युरोपांत पसरली आणि सप्टेंबर महिन्यांत तिकडे कुटुंबेंच्या कुटुंबें अशा वास्तूंतून हिंडतात. आम्हांस त्यांतली जी गोष्ट हेवा करण्यासारखी वाटते ती ही कीं, तेथें मुख्य पाहुणा दार उघडून आंत येणारा मनुष्य असतो. आमच्या संचालनालयाकडे व खात्याकडे तीनशेंहून अधिक राज्य-संरक्षित स्मारकें आहेत. माणसें थोडीं, पैसा त्याहून थोडा. त्यांनीं सर्वत्र व्याख्याते ठेवावे अशी अपेक्षा कोणी करूं नये. पण प्रत्येक स्थळाच्या राखणदारास वर्षांतून एक दिवस बोलूं द्यावें, तालुक्यांतल्या एखाद्या शिक्षिकेच्या हवालीं तो दिवस करावा, पिण्याचें पाणी, सांवली आणि बायकांसाठीं नीट जागा असावी, आणि ध्वनिक्षेपक घरीं ठेवावा. पवनीचें उदाहरण घ्या. आमच्याच वैनगंगेच्या कांठीं, आमच्याच जिल्ह्यांत, १९६९-७० मध्यें नागपूर विद्यापीठानें व पुरातत्त्व खात्यानें जगन्नाथ टेकडीवर उत्खनन करून मौर्य-सातवाहन काळांतला मोठा स्तूप उजेडांत आणला. आमच्या घरांतल्या किती जणांनीं ती टेकडी पाहिली, हा प्रश्न त्या दिवशीं गाडींत निघाला तेव्हां सतरांपैकीं हात वर झाला तो एकाचाच, आणि तोही गाडीच्या चालकाचा.

असो, विषय बराच लांबला. सांगावयाचा मुख्य प्रकार पुढेंच आहे.

जेवणें आटोपून निघावयाच्या वेळीं मुलें मोजलीं तर एक कमी भरलें. मुद्रावाला नातू. तो दरवाज्याच्या आंतल्या बाजूस, खिळ्यानें, भिंतीच्या दगडावर आपलें नांव कोरीत होता. अक्षरें सुबक होतीं. नांव पुरें झालें होतें आणि खालीं ‘कारधा’ यांतला ‘का’ उमटला होता. शेजारीं आणखी पन्नास नांवें होतीं, बाण मारलेलीं बदामाचीं चित्रें होतीं. तो बिचारा अगदीं निरागसपणें म्हणाला, ‘‘राणीचें नांव इथें सांपडलें, म्हणून माझेंही ठेवलें.’’

क्षणभर कोणी बोललें नाहीं. मग सर्वच बोलले. वकील पुतण्यानें २०१० च्या दुरुस्तीचा हवाला देऊन, केंद्राच्या कायद्यांत अशा कृत्यास दोन वर्षें कैद किंवा एक लाख रुपये दंड किंवा दोन्ही आहेत, असें सांगितलें. त्यानें पोर पांढरें पडलें. त्याची आई रडूं लागली. आम्हांस स्वतःची लाज वाटली, कारण नांव उमटविण्याची गोडी आम्हींच लाविली आणि कोठें उमटवूं नये तें शिकविण्याचें विसरलों. राखणदार उलट आमचीच समजूत घालूं लागला: ‘‘जाऊं द्या साहेब, लेकरूं आहे. इथें रोजच होतें.’’

मोठ्या आईंनीं सर्वांस गप्प केलें. त्यांनीं मुलास जवळ घेतलें नाहीं कीं मारलेंही नाहीं. त्याला राखणदारापुढें उभें केलें आणि म्हणाल्या, ‘‘यांना सांग, काय केलेंस तें.’’ त्यानें सांगितलें. ‘‘तुझें नांव सांग.’’ त्यानें सांगितलें. ‘‘गांव सांग.’’ येथें मात्र त्याला हुंदका आवरेना. राखणदार ओशाळून खालीं पाहूं लागला. मोठ्या आई म्हणाल्या, ‘‘तुम्ही या घराचे राखणदार. याला क्षमा करावयाची तर तुम्हीं करावी. पण आधीं ऐकून घ्यावें.’’ कोरलेलें पुसतां येतें काय, हें त्यांनीं विचारलें. घांसूं नये, त्यानें दगड अधिक बिघडतो, खात्याचीं माणसेंच तें पाहतात, असें तो म्हणाला. तेव्हां ‘‘मग खात्याला लिहूं,’’ एवढें बोलून त्या गाडीकडे वळल्या. परतीच्या वाटेवर कोणी गाणीं म्हटलीं नाहींत.

संध्याकाळीं तुळशीचें लग्न झालें. ऊस उभे केले होते, आवळे-चिंचा-बोरें मांडलीं होतीं, अंतरपाट धरला होता. मंगलाष्टकें संपून अक्षता पडल्या तरी तो मुलगा माजघरांतून बाहेर आला नाहीं. लाह्या आणि पेढा घेऊन मोठ्या आईच आंत गेल्या. थोड्या वेळानें आम्ही डोकावलों तेव्हां तो पाटावर वही ठेवून पत्र लिहीत होता आणि त्या शेजारीं चष्मा लावून बसल्या होत्या. मजकूर त्यांनीं सांगितला नाहीं; शुद्धलेखन मात्र दोनदां दुरुस्त करविलें. किल्ल्याच्या भिंतीवर मीं नांव कोरलें, तें चूक झालें, तें काढावयास जो खर्च येईल तो माझ्या वाढदिवसाच्या पैशांतून घ्यावा, पैसे एकशें चाळीस आहेत, कमी पडल्यास पुढच्या वर्षीं देईन, असें त्यांत होतें. शेवटीं सहीची वेळ आली तेव्हां तो अडला. लहान मुलाची सही चालते काय, असें त्यानें विचारलें. वकील पुतण्या ओसरीवरून ‘‘चालत नाहीं’’ म्हणाला.

मोठ्या आईंनीं त्याच्या हातून लेखणी घेतली. मुलाचें नांव त्यानें लिहिलेंच होतें. त्याच्यापुढें त्यांनीं ठळक अक्षरांत ‘अ. पा. क.’ असें लिहिलें आणि खालीं आपली सही केली.